उसनं मीठ

तिन्हीसांजेला मीठ उसनं मागू नये आणि कुणी मागितलं तर देऊही नये. विरजणाचंही तसंच. सांगलीच्या आमच्या घरात आजीचा हा नियम इतका कडक होता की शेजारच्या काकूसुद्धा दिवेलागणीनंतर वाटी घेऊन यायच्या नाहीत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला येऊन मला 18 वर्षं झाली, पण त्या नोव्हेंबरातल्या संध्याकाळी हातात वाटी घेतली आणि पाय दाराशी अडखळलाच. पाच वाजताच अंधार पडलेला, बाहेर पाऊस, गॅसवर आमटी उकळतेय आणि मिठाचा डबा रिकामा. शेवटी खालच्या मजल्यावर गेले.

खाली राहते ती बोस्नियाची आहे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मोठ्या बहिणीला आमच्यात ताई म्हणतात, असं मी एकदा तिला सांगितलं होतं. तेव्हापासून मी तिला ताईच म्हणते आणि ती मला 'कोम्शिनित्सा' म्हणते, म्हणजे शेजारीण. आम्ही दोघी बोलतो डच, तीही दोघींची मोडकी. त्या दिवशी तिने माझ्या हातातली वाटी पाहिली आणि वाटीला हातही न लावता भिंतीतलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात मिठाची पाकिटं विटांसारखी एकावर एक रचलेली होती. चौदा तरी असतील. त्यातली दोन काढून तिने माझ्या हातात ठेवली.

मी तिला आजीचा नियम सांगितला. वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे तीन वर्षं मीठ होतं कुठे? कुणाकडे चिमूटभर असलं तर ते कुठल्याही वेळी मागायचे लोक."

आमच्याकडे म्हणजे स्रेब्रेनित्सात.

तोवर ती बोस्नियाची आहे एवढंच मला ठाऊक होतं. गाव कुठलं हे मी विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं. हेगमध्ये आणि आसपास राहणाऱ्या माणसाला ते नाव माहीत असतंच. डच माणूस ते उच्चारताना आवाज खाली घेतो. मला त्या गावाबद्दल पुस्तकी माहिती होती, पण ते अळणी होतं हे माहीत नव्हतं.

स्रेब्रो म्हणजे चांदी. पूर्व बोस्नियात द्रिना नदीपासून जवळच, डोंगरांच्या बेचक्यात वसलेलं हे खाणींचं गाव. 1992 च्या वसंतात युद्ध सुरू झालं आणि द्रिनाकाठच्या गावागावातून मुस्लिमांना हाकलून दिलं जाऊ लागलं. जीव वाचवून निघालेले लोक स्रेब्रेनित्सात गोळा होत गेले. चहूबाजूंनी बोस्नियन सर्बांचं सैन्य आणि मध्ये कोंडलेली सुमारे 40 हजार माणसं. संयुक्त राष्ट्रांचे मदतीचे ट्रक याच सैन्याच्या चौक्यांवरून आत यायचे. काय आत सोडायचं आणि काय अडवायचं, ते चौकीवर ठरायचं. मीठ बहुतेक वेळा अडायचं. पीठ यायचं, डबाबंद अन्न यायचं, मीठ नाही. ताई सांगते की अळणी भाकरीची सवय होईल असं आधी वाटायचं, पण ती होत नाही. भूक लागलेली असते, घास तोंडात असतो आणि गळा तो आत घेत नाही. तिची आई तव्यावरच्या भाकरीकडे बघून रडायची.

ट्रक लुटणं किंवा गावावर तोफा डागणं बातमीत येतं. मीठ अडवणं येत नाही. पण माणसांना हळूहळू मोडायचं ज्याने ठरवलंय, त्याला मिठाची किंमत बरोबर कळलेली असते.

मार्च 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याचे बोस्नियातले फ्रेंच जनरल फिलिप मोरिलों गावात आले. परत निघाले तेव्हा बायकामुलांनी त्यांच्या गाडीला गराडा घातला. तुम्ही गेलात की आम्ही मेलो, असं त्या म्हणत होत्या. ताई त्या गर्दीत होती. रात्रभर ती बर्फात उभी होती, पायातले बूट धाकट्या भावाचे होते. शेवटी मोरिलोंनी कर्णा हातात घेऊन गर्दीला सांगितलं की तुम्ही आता संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली आहात, मी तुम्हाला कधीही सोडून जाणार नाही. निळा झेंडा चढवला गेला.

मराठीत याला अभय देणं म्हणतात. आपल्या कथापुराणांत अभय दिलं की ते देणाऱ्याच्या गळ्यात पडतं. शरण आलेल्या कबुतरासाठी शिबी राजा स्वतःच्या मांडीचं मांस तराजूत घालतो, ही गोष्ट माझ्या आजीने मला जेवण भरवताना सांगितली होती. लहानपणी मला ती क्रूर वाटायची. एका पक्ष्यासाठी एवढं कशाला? आता वाटतं, गोष्ट पक्ष्याची नाहीच. तुझ्या आसऱ्याला आलेला तुझ्या शब्दावर विसंबून उडायचा थांबलाय, म्हणून त्याचं वजन आता तुला भरायचंय.

16 एप्रिल 1993 ला सुरक्षा परिषदेने 819 क्रमांकाचा ठराव करून स्रेब्रेनित्साला सुरक्षित क्षेत्र जाहीर केलं. लगेच गावातल्या लोकांनी शस्त्रं खाली ठेवायचा करारही झाला. पुढे सारायेव्हो, तुझला, जेपा, गोराज्दे, बिहाच ही आणखी पाच ठिकाणं सुरक्षित क्षेत्रं झाली. या सहांचं रक्षण करायला किती सैनिक लागतील? संयुक्त राष्ट्रांच्या लष्करी तज्ज्ञांनी अंदाज दिला 34 हजार. परिषदेने मान्य केले 7600. न्यूयॉर्कमधल्या त्या दालनात हात वर करणाऱ्यांना हे दोन्ही आकडे माहीत होते. तराजूचं एक पारडं 34 हजारांचं आहे हे माहीत असताना दुसऱ्यात 7600 ठेवले आणि तराजू समतोल आहे असं जगाला सांगितलं. माझा राग तिथे सुरू होतो. पुढे डच शिपायांनी काय केलं किंवा केलं नाही याच्या कितीतरी आधी.

बोस्नियातल्या या मोहिमेचे पहिले सेनाप्रमुख भारतीय होते, हे मला खूप उशिरा कळलं. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. मार्च 1992 पासून वर्षभर त्यांनी ते काम केलं आणि मुदतवाढ नाकारून ते परतले. सुरक्षित क्षेत्रांचा ठराव त्यानंतर महिन्याभराने झाला. बेळगावच्या रेजिमेंट सेंटरची ओळख घराघरात असलेल्या आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनाही हे फारसं माहीत नाही.

1994 च्या सुरुवातीला स्रेब्रेनित्साची राखण डच तुकडीकडे आली. गावाबाहेर पोतोचारीला बॅटऱ्या बनवणाऱ्या बंद कारखान्यात त्यांचा तळ होता. जुलै 1995 मध्ये तिथे 400 च्या आसपास सैनिक उरले होते. हलकी शस्त्रं, इंधन संपत आलेलं, रजेवर गेलेल्यांना परत आत येऊ दिलेलं नव्हतं. त्यातले कित्येक जण विशीतले होते. त्यांच्यावर सगळा दोष ढकलून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. हेही सांगायला हवं की वेढ्याच्या आतून सशस्त्र टोळ्या बाहेर पडून आसपासच्या सर्ब खेड्यांवर हल्ले करत होत्या आणि तिथेही माणसं मेली. ज्यांची माणसं गेली त्यांचं दुःख तेवढंच खरं आहे. पण त्यातून पुढे जे झालं त्याचा हिशेब निघत नाही.

6 जुलैला सर्ब सैन्याचा हल्ला सुरू झाला. डच चौक्या एकेक करून पडत गेल्या. विमानांच्या मदतीची मागणी वर जात राहिली आणि वरच अडकत राहिली. 11 जुलैच्या दुपारी अखेर दोन एफ-16 विमानं आली, त्यांनी बॉम्ब टाकले. आमच्या ताब्यातले डच सैनिक मारू, निर्वासितांवर तोफा डागू, अशी धमकी आल्यावर पुढचे हल्ले थांबले. त्याच दुपारी त्या सैन्याचा प्रमुख जनरल रात्को म्लादिच गावात शिरला.

हजारो माणसं पोतोचारीच्या तळाकडे धावली, 20 हजारांहून जास्त. पाचेक हजार तळाच्या आत घेतली गेली, बाकीची बाहेर रस्त्यावर, कारखान्यांच्या आवारात, उन्हात. आणि 15 हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे दुसऱ्या वाटेने, जंगलातून, तुझलाकडे निघाले. ताईचा भाऊ त्यांच्यात होता. 19 वर्षांचा.

तुझला हे नाव 'तुझ' या तुर्की शब्दावरून आलंय. तुझ म्हणजे मीठ. तिथे जमिनीखाली मिठाचे साठे आहेत, शतकानुशतकं तिथे मीठ काढतात. चांदीच्या गावातून मिठाच्या गावाकडे, सुमारे 100 किलोमीटर. ताईने मला हे सांगितलं तेव्हा ती कपाटातल्या पाकिटांकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. भाऊ निघताना तिला म्हणाला होता, पोहोचलो की आधी बटाटे उकडून मीठ लावून खाणार.

12 जुलै 1995 ला गुरुपौर्णिमा होती. मी पंचांगात मुद्दाम पाहिलं, कारण ताई म्हणाली की त्या रात्री रस्त्यावर माणसांचे चेहरे ओळखू येत होते एवढा चंद्र होता. मी तेव्हा अकरावीत होते. त्या दिवशी आम्ही मैत्रिणी आमच्या गणिताच्या सरांकडे पेढे घेऊन गेलो होतो हे मला आठवतं. वर्तमानपत्रात बोस्निया असायचं, रोजच असायचं, आतल्या पानावर. मी ते वाचत नव्हते. त्या वयाच्या मुलीला दोष देऊन काही साधणार नाही, पण चंद्र एकच होता, ही गोष्ट मनातून जात नाही.

पोतोचारीला त्याच 12 जुलैला कॅमेऱ्यासमोर म्लादिचने लहान मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटली. घाबरू नका म्हणाला. मग बसगाड्या आल्या. बायकामुलं बसमध्ये आणि पुरुष बाजूला. 'चौकशीसाठी' असं सांगितलं गेलं. बाजूला काढलेल्यांना समोरच्या एका घरात नेत, त्याला पुढे पांढरं घर असंच नाव पडलं. आत जाण्याआधी त्यांच्या पिशव्या, पाकिटं, ओळखपत्रं बाहेर टाकायला लावली. त्यांचा ढीग झाला. डच सैनिकांनी तो ढीग पाहिला.

ज्याची चौकशी करायची, त्याचं ओळखपत्र तर आधी बघायला हवं. ते फेकून द्यायला लावताहेत याचा अर्थ काय, हे समजायला लष्करी शिक्षण लागत नाही. ताईच्या वडिलांचं पाकीट त्याच ढिगात गेलं. त्यात तिचा शाळेतला फोटो होता. ढीग नंतर पेटवून दिला.

तळाच्या आत होते त्यांचं काय झालं, ते मी इथल्या न्यायालयांच्या निकालांतून वाचलंय आणि वाचताना अनेकदा मिटवून ठेवलंय. 13 जुलैला आतल्या सगळ्यांना बाहेर पडायला सांगण्यात आलं. हसन नुहानोविच हा तरुण संयुक्त राष्ट्रांचा दुभाषी होता, त्याच्याकडे ओळखपत्र होतं म्हणून त्याला राहता येत होतं. त्याच्या आईवडिलांना आणि धाकट्या भावाला मात्र नाही. बाहेर जावं लागेल, हे आपल्याच माणसांना आपल्याच भाषेत सांगायची वेळ त्याच्यावर आली. वडिलांना राहायची परवानगी मिळाली होती, कारण वाटाघाटींसाठी गेलेल्यांत ते होते. मुलाला एकट्याला जाऊ देणार नाही म्हणून तेही बाहेर पडले. रीझो मुस्ताफिच हे तळावर डचांकडेच काम करणारे इलेक्ट्रिशियन. त्यांनाही बाहेर पाठवलं गेलं.

2013 मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मुस्ताफिच आणि हसनचे वडील व भाऊ यांच्या मृत्यूला डच सरकार जबाबदार आहे असा निकाल दिला. झेंडा निळा असला तरी त्या तळावर सत्ता तुमची होती, असं न्यायालय म्हणालं. पुढे स्रेब्रेनित्साच्या आयांच्या संघटनेने तळावरून बाहेर काढलेल्या इतर 350 पुरुषांसाठी दावा लढवला. संयुक्त राष्ट्रांवर खटला चालत नाही, त्या संस्थेला कायद्याचं कवच आहे. त्यामुळे राहिलं डच सरकार. अपील न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं की त्या पुरुषांना आतच ठेवलं असतं तर ते वाचण्याची शक्यता 30 टक्के होती, म्हणून सरकारची जबाबदारी 30 टक्के. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती 10 टक्क्यांवर आणली.

न्यायाधीशांना कुठलातरी आकडा लिहावा लागतो हे मला समजतं. तरीही त्या दिवशी बातम्यांत तो आकडा आला तेव्हा मी ट्राममध्ये होते आणि मला उतरावंसं वाटलं. दहा टक्के नवरा. दहा टक्के मुलगा.

13 जुलैपासून पुढच्या चार-पाच दिवसांत 8000 हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. पोतोचारीच्या स्मारकाच्या दगडावर 8372 हा आकडा कोरलाय. क्रावित्सा गावच्या शेतमालाच्या गोदामात एका संध्याकाळी हजाराच्या वर माणसं मारली. बाकीची शाळांच्या व्यायामशाळांत कोंडून, मग शेतांवर, धरणाच्या भिंतीजवळ. एवढ्यावर मी थांबते.

आंतरराष्ट्रीय न्यायालय शांती प्रासादात भरतं, डेल्फ्टहून हेगला जाणाऱ्या ट्रामच्या वाटेवरच. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे फोटो काढायला नेतो. बोस्नियन सर्बांच्या पाठीशी असलेल्या सर्बियावर बोस्नियाने केलेल्या दाव्याचा निकाल याच इमारतीत 26 फेब्रुवारी 2007 ला लागला. स्रेब्रेनित्सात झाला तो वंशसंहार, असं न्यायालयाने म्हटलं. सर्बिया या देशाने तो स्वतः घडवला हे सिद्ध झालं नाही असंही म्हटलं, आणि ताईच्या ओळखीतले लोक त्यावर आजही हळहळतात. पण त्याच निकालात सर्बियाला दोषी धरलं ते वेगळ्या गोष्टीसाठी. तो रोखण्याचं कर्तव्य पार पाडलं नाही म्हणून.

हे कर्तव्य 1948 च्या वंशसंहारविरोधी करारातलं. भारताने तो करार 1959 मध्ये मान्य केला, त्यासाठीचा स्वतंत्र कायदा मात्र आपण अजून केलेला नाही. करारात 'रोखणं' हा शब्द पहिल्याच कलमात आहे, पण साठ वर्षं तो शोभेचा होता. 2007 मध्ये न्यायालयाने त्याचा अर्थ उलगडला. गंभीर धोका आहे हे एखाद्या देशाला कळतं, किंवा कळायला हवं होतं, त्या क्षणापासून कर्तव्य सुरू होतं. गुन्हा सिद्ध होईपर्यंत वाट बघायची मुभा नाही. यश येईल याची हमी कुणी मागत नाही. तुझा तिथे किती वजनाचा शब्द होता, तुझ्या हातात काय होतं आणि ते सगळं तू केलंस का, एवढं विचारलं जाईल.

'कळायला हवं होतं'. मला हे तीन शब्द फार मोलाचे वाटतात. पांढऱ्या घरासमोरच्या ओळखपत्रांच्या ढिगाला कायद्याच्या भाषेत जागा मिळाली ती या शब्दांमुळे. स्रेब्रेनित्साच्या आदल्याच वर्षी, 1994 मध्ये, रुआंडात हत्याकांड सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने तिथली फौज घटवून 270 वर आणली होती. तिथेही कळलं नव्हतं असं कोण म्हणेल? आणि 2019 मध्ये पश्चिम आफ्रिकेतला गांबिया हा चिमुकला देश रोहिंग्यांसाठी म्यानमारविरुद्ध याच इमारतीत येऊन उभा राहिला. गांबियाचा म्यानमारशी ना सीमेचा संबंध, ना व्यापाराचा. शेजारधर्म म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्याशीच वागायचा धर्म नसतो, हे त्या देशाने दाखवलं. ताईच्या भाषेत शेजारधर्माला 'कोम्शिलुक' म्हणतात. तो शब्द सांगताना ती क्षणभर थांबते, कारण पोतोचारीत पुरुष बाजूला काढणाऱ्यांमध्ये तिच्या वडिलांचा एक जुना शेजारीही होता.

म्लादिच 16 वर्षं लपून राहिला, 2011 मध्ये पकडला गेला, जन्मठेपेवर 2021 मध्ये अंतिम शिक्कामोर्तब झालं. ताईला मी त्या निकालाबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, बरं झालं. मग उठून कॉफी करायला गेली. लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात पाणी उकळलं, थोडं बाजूला काढलं, पूड घातली, पाणी ओतलं, फेस वर आला तसं भांडं उचललं, पुन्हा ठेवलं. जगाचं लक्ष निकालांवर असतं, तिचं सगळं हाडांवर आहे.

ते का, हे समजायला मला माझं कामच उपयोगी पडलं. मी इथल्या एका रुग्णालयात रक्ताचे नमुने घेते. अनामिकेच्या टोकाला सुई टोचायची, पहिला थेंब पुसून टाकायचा, मग कागदावरच्या गोलात पुढचे थेंब अलगद टेकवायचे. दाबायचं नाही. ताईने असाच थेंब दिलाय, तिच्या आईनेही. हरवलेल्या माणसांचा शोध घेणारा आंतरराष्ट्रीय आयोग 1996 मध्ये स्थापन झाला. त्याने स्रेब्रेनित्साच्या नातेवाइकांचे 20 हजारांहून अधिक नमुने गोळा केले. आज त्याचं मुख्यालय हेगमध्येच आहे.

एवढं रक्त कशासाठी? ऑगस्ट 1995 मध्ये अमेरिकेने आकाशातून घेतलेले ताज्या खणलेल्या जमिनीचे फोटो सुरक्षा परिषदेत दाखवले. त्यानंतरच्या महिन्यांत, रात्रीच्या वेळी, मारेकऱ्यांनी यंत्रं लावून ते खड्डे उकरले आणि प्रेतं ट्रकमध्ये भरून दूर दूर नव्या खड्ड्यांत टाकली. यंत्राच्या पात्याने शरीरं तुटली. एका माणसाची हाडं दोन, तीन, कधी त्याहून जास्त ठिकाणी सापडतात. कपड्यांवरून, दातांवरून ओळख पटणं जवळपास अशक्य होऊन बसलं. 2001 पासून डीएनएवरून ओळख पटू लागली आणि आजवर सुमारे 7000 जणांची पटली आहे. माझ्या हातून रोज शेकडो थेंब जातात. एक थेंब आपल्या पोराच्या मांडीच्या हाडाला नाव मिळवून देऊ शकतो, हे कळल्यापासून मी कागदावर थेंब टेकवताना घाई करत नाही.

वाचलेल्यांना मदत म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे तंबू, ब्लँकेटं, औषधं येतात. तीही हवीतच. तुझलाच्या विमानतळावरच्या तंबूत ताईने आणि तिच्या आईने दिवस काढले, तिथे कुणीतरी दिलेल्या गरम रश्श्यात मीठ होतं आणि पहिल्या घोटाला जीभ पोळल्यासारखी झाली, असं ती सांगते. पण तंबू उठतात. त्यानंतरची मदत तीस वर्षं चालते आणि तिला टाळ्या मिळत नाहीत. थंड खोलीत फळ्यांवर ठेवलेली हाडं जुळवत बसणारी बाई, फोन करून "बसा आधी" म्हणणारा माणूस, दरवर्षी प्रयोगशाळेच्या पैशांसाठी सरकारांची दारं ठोठावणारं कार्यालय. जगाने जे रोखायला हवं होतं ते रोखलं नाही, तर निदान हे काम मधेच सोडायचं नाही, एवढी लाज तरी शिल्लक असावी.

ती शिल्लक आहे का, हे दर काही वर्षांनी तपासलं जातं. संयुक्त राष्ट्रांनी 1999 मध्ये स्वतःच्याच अहवालात आपली चूक स्पष्ट शब्दांत कबूल केली. 2002 मध्ये डच संशोधकांचा अहवाल आला आणि विम कोक यांचं सरकार पायउतार झालं. पोतोचारीला जाऊन नातेवाइकांची माफी मागायला मात्र डच सरकारला जुलै 2022 उजाडावा लागला. मे 2024 मध्ये 11 जुलै हा स्मरणदिन म्हणून पाळण्याचा ठराव आमसभेत आला, तेव्हा 84 देश बाजूने, 19 विरोधात आणि 68 तटस्थ राहिले. ताईला मी ते आकडे सांगितले नाहीत. तिने स्वतःच वाचले होते.

दर 11 जुलैला हेगच्या प्लाइन चौकात लोक जमतात. गेल्या वर्षी मी ताईबरोबर गेले. तिने मला क्रोशाचं एक फूल दिलं, कपड्याला लावायला. पांढऱ्या अकरा पाकळ्या आणि मध्यभागी हिरवं. पाकळ्या अकरा कारण तारीख अकरा. हिवाळाभर ती अशी फुलं विणते. माझी आई क्रोशाचे रुमाल विणायची, त्यामुळे टाके मला ओळखीचे. एका पाकळीचा टाका सैल होता. मी घट्ट करू का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. ती आईने घातलीय, तिला आता नीट दिसत नाही."

तिच्या वडिलांचं दफन 2005 मध्ये झालं. भाऊ 2011 मध्ये सापडला, पण पूर्ण नाही. अशा वेळी घरच्यांना विचारतात की आहे तेवढं पुरायचं, की उरलेलं मिळेपर्यंत थांबायचं? काही आया थांबतात. थांबता थांबता स्वतःच जातात. ताईच्या आईने आहे तेवढं पुरलं. पोतोचारीच्या उतारावर वडिलांशेजारी पांढरा दगड उभा राहिला.

या मे महिन्यात एका सकाळी माझी बेल वाजली. ताई दारात, हातात घराची चावी. रात्री तुझलाहून फोन आला होता. दुसऱ्या एका खड्ड्यातून निघालेली दोन हाडं भावाची निघाली, उजव्या हाताची. कबर उघडून ती आत ठेवतील. आई आता 84 ची आहे, तिला एकटीला जाऊ देता येणार नाही.

"बाल्कनीतल्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घाल," ती म्हणाली. "आणि काही लागलं तर कपाटातून घे. विचारायला थांबू नकोस."

मी चावी घेतली. बस किती वाजता आहे विचारलं. सहा वाजताची होती, संध्याकाळची. तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेले तेव्हा ऊन अजून रस्त्यावर होतं. तिच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले उकडलेले बटाटे होते आणि चिमूटभर मिठाची एक पुडी.